नावात सिंग, तोंडात मूग

आमच्या अनसिंग गावाच्या नावातच सिंग आहे, पण माझ्या कॉम्प्युटरला आठ दिवस शिंग काय, साधी पिपाणी फुंकता येईना. बाबांनी भजन लावायला सांगावं, बुवांनी लय धरावी आणि तिसऱ्या ओळीला मूग गिळून बसावं. थोड्या वेळाने आपोआप सुरू. पुन्हा गप्प.

"लाइन गेली काय रे?" बाबा विचारत. गावात कशाचाही आवाज थांबला की पहिला संशय लाइनीवरच. पंखा फिरत होता, म्हणून लाइनमन सुटला.

मी लिनक्सवाला. माझ्याकडे आवाजाच्या तोंडाशी पल्सऑडिओ बसतो, मांडवातल्या मिक्सरवाल्यासारखा. भजन, व्हिडिओ, मेसेजची टिंग, सगळ्यांच्या वायरी त्याच्याकडे, आणि भोंगा एकच. 2004 साली तो जन्मला तेव्हा नाव होतं पॉलिपऑडिओ. पॉलिप म्हणजे नाकात वाढणारा मस! 2006 मध्ये नाव बदललं, पण आमच्या घरी गुण काही गेला नव्हता.

पुण्याच्या भाच्याने फोनवर रामबाण सांगितला, "मामा, पल्सचं कॉन्फिग उडवून टाका." उडवलं. त्याबरोबर आवाजाची मर्यादाही उडाली आणि शेजारची म्हैस दावं तोडता तोडता राहिली. तिसऱ्या ओळीला बुवा गप्प, तेव्हाच ती शांत झाली.

म्हणजे मिक्सरवालाच मधेमधे मरत होता, आणि लिनक्सचा सिस्टिमडी नावाचा मुकादम त्याला दर वेळी उठवून बसवत होता. दहा सेकंदांत पाचदा मेला तर मात्र तोही हात झटकतो. शेवटी लॉग उघडला. मयत स्वतःच कारण लिहून गेला होता: 'सॉफ्ट सीपीयू टाइम लिमिट एक्झॉस्टेड, टर्मिनेटिंग.'

भानगड अशी. आवाज तुटू नये म्हणून या मिक्सरवाल्याला प्रोसेसरच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे उभं करतात. अट एकच: सलग 200 मिलिसेकंदांहून जास्त राबायचं नाही, मधे डुलकी घ्यायचीच. नाही घेतली तर कर्नल (फौजेतला नव्हे, लिनक्सचा) कारवाई करतो. माझं बाजारातलं स्वस्त यूएसबी साउंड कार्ड वेळ चुकीची सांगायचं, आणि त्यापायी या बिचाऱ्याचा डोळाच लागत नव्हता. टायमरवर विसंबायची सेटिंग शून्य केली. आता कार्ड हाक मारील तेव्हाच उठायचं.

बाबांना सांगितलं, "झोपला नाही म्हणून मेला."

बाबांनी आईकडे पाहिलं. त्यांच्या दुपारच्या झोपेवर ती तीस वर्षं बोलत आली आहे.

"आयकलं काय वं? कंप्यूटरलेबी दुपारची झोप लागते म्हने!" म्हणत त्यांनी गोधडी ओढली.

त्या दिवशी भजन तासभर अखंड चाललं. बाबांचं घोरणं तेवढं मधेमधे थांबायचं, आणि आपोआप सुरू व्हायचं.