निखारा उंबऱ्याच्या आत नको

परवा साताऱ्यात एका स्नेह्यांच्या गच्चीवर कोळशाची बार्बेक्यू ग्रिल पेटवली होती. कणसं झाली, पनीर झालं, चिकन झालं. दहाच्या सुमारास बोचरं वारं सुटलं, तसं कुणीतरी म्हणालं, ‘एवढे निखारे वाया कशाला घालवायचे?’ दोघांनी ग्रिल उचलली आणि जिन्यालगतच्या खोलीत नेऊन ठेवली. तिथे मुलं झोपली होती. वर दारही लोटून घेतलं. मी ती ग्रिल बाहेर काढायला लावली. वादावादी झाली. झाली तर झाली.

यजमानांचा मुद्दा एकच होता, ‘धूर कुठाय?’ घोटाळा तिथेच आहे. धूर असला की माणूस खोकतो, डोळे चोळतो, उठून खिडकी उघडतो. वर राखेची साय धरलेला लालबुंद निखारा धूर करत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट धरतो. आधी डोकं जड होतं, मग मळमळतं, आणि घरचे म्हणतात, जेवण जास्त झालं, पड जरा. माणूस पडतो, आणि मग उठत नाही.

जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळचे ८ पर्यटक एका खोलीत बेशुद्ध सापडले आणि गेले. त्यांत ४ मुलं होती. थंडीसाठी गॅसचा हीटर लावून खोली बंद केली होती. महाबळेश्वर, तापोळा, बामणोली इथे तंबूत मुक्काम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. कापडी तंबूची चेन ओढली की तीही बंद खोलीच. आणि बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवून दारं-खिडक्या लावून घेणाऱ्या घरांनाही माझं हेच हात जोडून सांगणं आहे.

सांगलीकरांना तर कोंडलेली हवा म्हणजे काय हे कळायला हवं. हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायचे. पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नसे. तोंड उघडं ठेवून आत हवा खेळू द्यायची, मग कंदील सोडून बघायचा. तो तेवत राहिला तरच माणूस खाली. २००५च्या महापुरात त्यातली बरीच पेवं गेली. पण ग्रिल आत आणणाऱ्यांनी कंदिलावरही विसंबू नये. पेवात ऑक्सिजन कमी पडतो म्हणून दिवा विझतो. निखाऱ्याच्या खोलीत दिवा जळतच राहतो आणि माणूस आधी पडतो. तसं कुणी पडलेलं दिसलं तर दार सताड उघडा, त्याला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ला फोन करा.

माण-खटावात, जतेत हुरड्याची आगटी रानात पेटते. जमिनीत खड्डा, त्यात गोवऱ्या, वर उघडं आभाळ. ग्रिलचीही जागा तीच. अंगण नसेल तर मोकळी गच्ची चालेल. वाळत घातलेले कपडे, मांडवाचं कापड आणि पोरं लांब हवीत. फ्लॅटच्या बाल्कनीत मात्र अजिबात नाही, मग ती कितीही ऐसपैस असो.

कोळसा पेटत नाही म्हणून वर पेट्रोल, थिनर किंवा सॅनिटायझर ओतणाऱ्याचा हात तिथल्या तिथे धरा. आग धारेवरून उलटी बाटलीत चढते. पुठ्ठ्याने वारा घाला, पाच मिनिटं जास्त लागतील. जेवण काय पळून चाललंय? शेजारी वाळूची एक आणि पाण्याची एक बादली हवी. भाजलंच तर २० मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. सांगली हळदीची असली तरी भाजल्यावर हळद नको, टूथपेस्टही नको.

त्या रात्री ग्रिल गच्चीच्या कोपऱ्यात उघड्यावरच राहिली. सकाळी आठला यजमानीणबाई राख भरायला प्लास्टिकची कचऱ्याची पिशवी घेऊन आल्या. मी चिमट्याने राख उकरली. खाली सुपारीएवढा निखारा अजून लाल होता. त्यांनी पिशवी ठेवली आणि झाकणाचा पत्र्याचा डबा आणला.