दप्तरी दाखल श्वान

कोरियाच्या नैर्ऋत्येस असलेल्या जिंदो बेटावरील ज्या शिकारी श्वानास जपानी अंमलाखाली १९३८ साली नैसर्गिक स्मारकाचा दर्जा बहाल झाला, आणि ज्याच्या रक्षणार्थ दक्षिण कोरियाच्या सरकारने १९६७ साली स्वतंत्र कायदा केला, त्यास घरी आणणाऱ्या सद्गृहस्थाने आपण त्याचे धनी झालो, असा ग्रह करून घेऊ नये. हा वतनदार बहुधा एकाच माणसाची ताबेदारी पत्करतो, तीही आपल्या मर्जीने; कुंपण लीलया ओलांडतो, शेजारच्या मांजराचा निकाल विनासुनावणी लावतो, आणि घरात मात्र सोवळ्यातल्या आजीबाईंसारखी स्वच्छता पाळतो.

त्याच्या उत्तरेकडील भाऊबंदाची, पुंगसानची, कथा याहून बिकट. २०१८ साली उत्तर कोरियाचे नेते किम जोंग-उन यांनी नजराणा म्हणून दिलेली गोमी व सोंगगांग ही पुंगसान जोडी, दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष मून जे-इन यांना पदावर असताना मिळालेली भेट या नात्याने, कायद्यान्वये राष्ट्राध्यक्षीय दप्तरात जमा झाली. म्हणजे जेथे तहनामे आणि टिपणे, तेथेच ही केस गाळणारी चतुष्पाद कागदपत्रे. (दप्तरास वाळवी लागते हे आपण जाणतो, गोचीड लागलेले दप्तर विरळा.) २०२२ साली पायउतार होताना मून यांनी रीतसर करार करून हे दप्तर घरी नेले, परंतु त्याच्या खाण्यापिण्याचा खर्च सरकारने कोणत्या आधारे सोसावा, याची तजवीज नव्या राजवटीत होईना, आणि उभयपक्षी दोषारोपांची सरबत्ती होऊन नोव्हेंबरात जोडी सरकारजमा झाली. डिसेंबरात तिची रवानगी ग्वांगजूच्या प्राणिसंग्रहालयात झाली. मालकी मात्र सरकारचीच राहिली.