वरच्या खिशातला रुमाल

लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्यावर लोक आधी पंगत कुठे बसलीय ते बघतात, नाहीतर पंखा कुठे आहे ते. आमचे मामा नवरदेवाच्या कोटाचा वरचा खिसा बघतात. खिसा रिकामा असला तर मामांचा चेहरा पडतो. आणि खिशाला दुकानातली कच्ची शिलाई तशीच असली, तर त्यांचा हात पाकिटातल्या इवल्याशा कात्रीकडे जातो.

नव्या कोटाचा आकार बिघडू नये, खिसा तोंड वासून पडू नये म्हणून शिंपी त्याला दोन-चार कच्चे टाके घालून ठेवतात. ते घरी आणल्यावर काढायचे असतात, हे निम्म्या महाराष्ट्राला ठाऊक नाही असं मामांचं ठाम मत आहे. कल्याणच्या एका रिसेप्शनला त्यांनी आहेराची रांग थांबवून, स्टेजवर, नवरदेवाच्या छातीशी वाकून टाके उसवलेले मी पाहिलेत. नवरी घाबरून दोन पावलं मागे सरकली. "घाबरू नकोस बाळ," मामा म्हणाले, "खिसा आहे तो, उघडतोय फक्त." मग जवळचा एक जादा पांढरा रुमाल घडी घालून त्यात बसवला आणि नवरदेवाला बजावलं, "परत देऊ नका. पण नाकही पुसू नका."

हे खूळ वरळीचं. मामा एका कापड कंपनीच्या एक्स्पोर्ट खात्यात होते आणि वरचे साहेब पारशी होते. पगारवाढ देताना हात आखडता, पण मामांच्या पहिल्या कोटाला त्यांनी लिननचा एक पांढरा रुमाल दिला आणि सांगितलं, की माणसाकडे एकच रुमाल असेल तर तो हा असावा. मामांनी ते गुरुमंत्रासारखं धरलं. आज त्यांच्याकडे सव्वीस रुमाल आहेत. लिननचे जेमतेम फूटभर, रेशमी सोळा इंची. मामींच्या हिशेबात ही सगळी फडकीच. "सोळा इंचाचं फडकं आणि सोळा हात तोरा," असं त्या आल्यागेल्याला सांगतात, मामांच्या देखत.

मामा घरून निघतात ते तीन रुमाल घेऊन. पँटच्या डाव्या खिशात स्वतःच्या नाकाचा. उजव्या खिशात इस्त्रीचा, दुसऱ्या कुणाला लागला तर द्यायला. आणि वरचा. "पुसायचा वेगळा, दाखवायचा वेगळा," हे वाक्य आम्ही भाचरांनी पाढ्यांच्या आधी पाठ केलं. आणि मग इतिहास. १९२४ साली अमेरिकेत क्लीनेक्स निघालं, ते बायकांना तोंडावरचं क्रीम पुसायला. लोकांनी त्यात नाकं शिंकरायला सुरुवात केली, कंपनीनेही मग तशाच जाहिराती केल्या, आणि नाकाचा रुमाल गेला तो गेलाच. "वरचा तेवढा वाचला," मामा म्हणतात, "कारण तो काहीच काम करत नव्हता." हे सांगताना ते निवृत्त माणसाच्या समाधानाने हसतात.

घडी घालण्याचा कार्यक्रम आरशासमोर होतो आणि तेवढा वेळ बाथरूमचा रस्ता बंद असतो. पांढऱ्याला टीव्ही फोल्ड. चौकोनी घडी, वर अर्ध्या इंचाची सरळ पट्टी. पन्नासच्या दशकात अमेरिकन टीव्हीवरचे निवेदक अशी घडी घालत, म्हणून हे नाव. 'डॉ. नो'मध्ये शॉन कॉनरीच्या कोटाला हीच आहे. मामांनी तो सिनेमा चार वेळा पाहिला, पण खलनायकाचं शेवटी काय होतं ते त्यांना विचारू नका. रेशमाला मात्र घडी चालत नाही, त्याला पफ. "मधोमध चिमटीत धर, मुठीतून ओढ, शेपूट मागे दुमड, खिशात सोड आणि आरशापासून लांब जा. मुद्दाम केलंय असं दिसलं की मेलं." एवढं सांगून मामा स्वतः सात वेळा आरशाकडे परत येतात. "डोकावला पाहिजे. लोंबायला नको, ओरडायला नको."

टायच्याच कापडाचा रुमाल म्हणजे ओरडणं. खोक्यात टाय, रुमाल आणि कफलिंक असा जो सेट मिळतो, त्याच्याबद्दल मामा ज्या भाषेत बोलतात ती इथे छापता येणार नाही. पुठ्ठ्याला तीन टोकं चिकटवलेला तयार रुमाल त्यांना कुणीतरी साठीला भेट दिला होता. मामांनी तो दारामागच्या कॅलेंडरखाली टाचला. अजून तिथेच आहे.

रेशमाची एक खोड आहे. ते घसरतं. घरून निघताना फुललेलं कमळ दादरपर्यंत खिशाच्या तळाशी गेलेलं असतं. मामांनी त्यावर खाली आधाराला रेल्वेचा पास ठेवण्याची युक्ती काढली. एकदा आम्ही डोंबिवलीहून फर्स्ट क्लासने एका रिसेप्शनला निघालो होतो आणि ठाण्याला टीसी चढला. "पास?" मामांनी एक निःश्वास सोडला, दोन बोटांनी रुमाल उचलला, आणि "कोपऱ्याला धर, मध्ये नको," म्हणून माझ्या हातात दिला. मग पास काढला. टीसीने पास बघितला, मामांकडे बघितलं, डब्यात हात वर करून रुमाल धरलेल्या माझ्याकडे बघितलं आणि बाकी कुणाचाच पास न बघता तो पुढच्या स्टेशनला उतरला.

रुमाल धुणं हे मामींच्या खात्यात येत नाही. ते मामा रात्रीच्या बातम्यांनंतर स्वतः करतात. थंड पाणी, त्यात रिठ्याचा फेस. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं, सावलीत पसरायचं, चिमटा लावायचा नाही कारण वळ उठतो. इस्त्री कोमट, उलट्या बाजूने आणि किनार सोडून. चांगल्या रुमालाची कड हाताने वळून बारीक टाक्यांत धरलेली असते, करंजीला मुरड घालतात तशी. ती गोल आणि फुगीर राहायला हवी. नाक्यावरच्या इस्त्रीवाल्याने एकदा मोठ्या प्रेमाने चार रुमालांच्या कडा कागदासारख्या सपाट करून दिल्या. मामा त्या दिवशी जेवले नाहीत.

ही करंजीची उपमा एकदा मामींनी ऐकली. त्यांच्या करंजीची मुरड आमच्या चारही आळ्यांत नावाजलेली. लग्नातला त्यांचा डाळिंबी शालू घड्यांवर विरून गेला होता, त्यातला धडका भाग पाहून त्यांनी सोळा इंची चौकोन कापला आणि तीन दुपारी बसून चारी कडा वळल्या. मामांनी चष्मा लावून, खिडकीशी नेऊन तो तपासला आणि म्हणाले, "डाव्या कडेचे टाके जरा लांब पडलेत." मामी दोन दिवस बोलल्या नाहीत. फडकं हा शब्दही नाही.

गेल्या वर्षी मामेबहिणीचं लग्न झालं. मे महिना, हॉलचा एसी बंद, आणि मामा तीन बटणांच्या कोटात. वरच्या खिशात तो डाळिंबी. पाठवणीच्या वेळी उजव्या खिशातला रुमाल त्यांनी व्याह्यांना दिला होता, बिचारे आमच्यापेक्षा जास्त रडत होते. डाव्या खिशातला घामाने भिजलेला, तरीही मामींनी ओढून घेतला. गाडी निघाली आणि मामांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी शेजारीच होतो. त्यांचा हात छातीपर्यंत गेला, रुमालाचं टोक जरा वर ओढून सारखं केलं, आणि मग त्यांनी कोटाच्या बाहीने डोळे पुसले. एक बाही, मग दुसरी.

"कोट काय, ड्रायक्लीनला जातोच," ते म्हणाले.

येत्या रविवारी धाकट्या भावाचं रिसेप्शन आहे. मी नवा कोट घेतलाय. वरच्या खिशाचे टाके काढलेले नाहीत. कात्री मामांकडे असते.