घर न सोडता गौताळ्याला कसे जावे

महाराष्ट्र शासनाने २०२१मध्ये कॅरव्हान पर्यटनाचे धोरण आणले आणि छत्रपती संभाजीनगरच्या कुटुंबवत्सल माणसाचा एक जुना पेच निदान कागदावर तरी सुटला. डोंगरात जायचे तर आहे, पण घरातून हलायचे नाही, असा तो पेच. गाडीवर पलंग, ओटा, फ्रिज आणि संडास चढवला की दोन्ही साधते. मात्र अशी गाडी भाड्याने मिळवणे सोपे आणि ती नीट वापरणे अवघड. पहिल्या उत्साहात लोक खिडकी उघडतात, वारा आत येतो आणि सहलीचा हेतूच बिघडतो. म्हणून सुरुवातीलाच मूळ सूत्र पाठ करावे: घर किती पूर्णपणे सोबत आले आणि डोंगर किती थोडा आत शिरला, यावरच सहलीचे यश मोजायचे. पुढची सगळी कलमे याच सूत्रातून निघतात.

हे सूत्र परदेशातून आले, असा समज करून घेऊ नये. या शास्त्रात आपला जिल्हा सहा-सातशे वर्षे मुरलेला आहे. महंमद तुघलकाने १३२७मध्ये राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा दिल्लीचे उमराव, सुफी, कारकून आणि त्यांचे कबिले त्याने सोबत आणवले. नान खलिया याच लवाजम्याबरोबर इथे आला असे शहरात सांगतात. म्हणजे स्वयंपाकघरही मागे राहिले नव्हते. पुढे औरंगजेबही असाच सगळे घर घेऊन डिसेंबर १६६४मध्ये थंड हवेसाठी काश्मीरला निघाला, त्या प्रवासाचे वर्णन फ्रेंच प्रवासी बर्निये याने केले आहे. बादशहाचे डेरे दुहेरी होते: एका संचात आज मुक्काम, तोवर दुसरा संच उद्याच्या मुक्कामावर उभा. ते वाहायला साठाहून अधिक हत्ती, दोनशे उंट, शंभर खेचरे आणि शंभर हमाल लागत. बादशहा रोज नव्या गावी आणि रोज त्याच घरी. यापुढे आपली सहा माणसांची गाडी म्हणजे साधेपणाच म्हणायचा. तुघलकाला काही वर्षांनी माणसे परत दिल्लीला न्यावी लागली, हा आक्षेप कोणी घेतला तर सांगावे की सहलीला जाणारा प्रत्येक जण शेवटी परतच येतो.

आता सामान. कुकर, मिक्सर, दोन प्रकारची लोणची, शेंगदाण्याची चटणी, सतरंज्या, स्पीकर आणि प्रत्येक फोनला वेगळा चार्जर घ्यावा. पाण्याच्या टाकीची धास्ती पुण्या-मुंबईच्या माणसाने घ्यावी. नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार, यावर आठवड्याची आखणी करणाऱ्या शहराला मोजक्या लिटरांत अंघोळ, भांडी आणि चहा भागवणे शिकवावे लागत नाही. टाकीचे व्यवस्थापन हा कॅरव्हानमधला सर्वांत कठीण विषय मानतात, तो आपल्याकडे बालवाडीत होतो. उरलेली जागा घरच्या सवयींनी भरावी. संध्याकाळची मालिका चुकता कामा नये. सातमाळ्याच्या डोंगरात नेटवर्क नसते, तेव्हा भाग आधीच उतरवून घ्यावेत.

मार्ग निवडताना इतिहास आणि न्यायव्यवस्था या दोघांचा मान ठेवावा. वेरूळकडे निघालात की दौलताबादच्या जुन्या तटबंदीतला दरवाजा थेट रस्त्यावरच आडवा येतो. तिथून एका वेळी एकच मोठे वाहन जाते, त्यामुळे गाडीची खरी रुंदी कंपनीच्या माहितीपत्रकात न पाहता इथे मोजावी. पुढे कन्नड. तिथून चाळीसगावकडे उतरणाऱ्या औट्रम घाटात ऑगस्ट २०२१च्या अखेरीस दरड कोसळून रस्ता बंद पडला होता, आणि २०२३मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने तिथे अवजड वाहनांना बंदी आली. निघण्यापूर्वी आपले घर अवजडात मोडते का, याची चौकशी करावी. मोडत असेल तर निराश होऊ नये. सूत्रानुसार घाटाच्या अलीकडे थांबणे हे घाट उतरण्यापेक्षा श्रेष्ठच आहे.

मुक्कामाचे कलम नाजूक आहे. गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६मध्ये घोषित झाले. सुमारे २६० चौरस किलोमीटरच्या या पानगळीच्या जंगलात बिबटे आहेत, आणि २०२१मध्ये टिपेश्वरकडून आलेला एक वाघही इथल्या कॅमेऱ्यात सापडला. हे राष्ट्रीय उद्यान नव्हे, पण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चाच आहे: परवानगीवाचून आत शिरणे नाही, वाटेल तिथे मुक्काम नाही, चूल नाही, गाणी नाहीत. इथे वाचक विचारेल, मग जंगलात राहायचे कसे? उत्तर असे की राहायचेच नाही. गेटबाहेरच्या एखाद्या धाब्याच्या आवारात गाडी लावावी, एसीसाठी जनरेटर चालू ठेवावा आणि पडदे ओढावेत. असे घर शहरातल्या सिडकोत उभे आहे की कन्नडच्या वेशीवर, हे आतल्या माणसाला सकाळपर्यंत कळत नाही. बादशाही पद्धतीचा कळस तो हाच.

पायी चालणे टाळता आले नाही तर पितळखोऱ्याची बौद्ध लेणी निवडावीत. तिथे डोंगर चढायचा नसतो, पायऱ्यांनी दरीत उतरायचे असते. म्हणजे दमणूक परतीला होते आणि तोवर फोटो काढून झालेले असतात. पण या जागी एक सैद्धांतिक धोका आहे आणि तो लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दोन हजार वर्षांपूर्वी डोंगरात राहण्याचा प्रश्न इथे नेमका उलट बाजूने सोडवला गेला. भिक्खू वर्षातले बरेच महिने जवळपास रिकाम्या हाताने हिंडत आणि पावसाळ्यात एका ठिकाणी वर्षावास करत. त्यांच्यासाठी घर कातळातच कोरून ठेवले होते, मग ते वाहण्याचा प्रश्नच नव्हता. खर्च उचलणाऱ्यांत पैठणचा अत्तरविक्या मितदेव होता. त्याचे नाव खांबावर अजून आहे. व्यापाऱ्याने पैसा डोंगरात घातला आणि डोंगर पुढच्या सगळ्यांना राहायला मिळाला. आपण पैसा गाडीत घालतो आणि डोंगर काचेबाहेर राहतो. ही तुलना मुलांच्या कानावर पडू देऊ नये.

तरीही एक आक्षेप असा आहे की त्यापुढे हे मार्गदर्शन नम्र होते. आजीच्या गुडघ्यांचे काय? रस्त्यात स्वच्छ संडास नाही म्हणून सकाळपासून पाणी न पिणाऱ्या बायकांचे काय? डोंगर ज्यांना खरोखर बंद आहे, त्यांना ही गाडी तो उघडून देते, हे खरेच आहे. पण हा युक्तिवाद शेवटपर्यंत नेला तर पंचाईत होते. त्यातून सिद्ध होते ती एका संडासाची आणि एका पलंगाची गरज. फ्रिज, मायक्रोवेव्ह आणि पडद्यांना त्यात कुठेच जागा नाही. आणखी पुढे गेले तर असे निघते की पितळखोऱ्याच्या वाहनतळावर आणि प्रत्येक घाटमाथ्यावर धुतलेले, पाणी असलेले स्वच्छतागृह असेल, तर निम्म्या कुटुंबांना चाकांवरचे घर लागणारच नाही. दुसरा आक्षेप याहून गैरसोयीचा. दसरा-दिवाळीनंतर मराठवाड्यातून हजारो कुटुंबे बैलगाडीत आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, अंथरूण आणि लेकरे घालून ऊसतोडीला निघतात. चाकांवर घर नेण्याचा अनुभव त्यांच्याइतका कोणाकडेच नाही, पण पर्यटन धोरणात त्यांचा समावेश होत नाही, कारण त्यांच्या गाडीत संडास नसतो. म्हणजे गाडीला कॅरव्हान ठरवणारी वस्तू तीच, आणि तिची सर्वाधिक गरज ज्यांना आहे त्यांच्याकडे नेमकी तीच नाही.

एवढ्यावर वाचकाचे मन द्विधा झाले असेल तर सहल रद्द करू नये, फक्त परतल्यावर तपासणी काटेकोर करावी. सगळ्यांच्या चपला दारात उलट्या करून पाहाव्यात. तळ कोरडे असतील तर कार्यक्रम यशस्वी. एखाद्या चपलेला चिखल किंवा कुसळे आढळली, तर ती कोणाची हे विचारून घ्यावे. ती व्यक्ती पुढच्या वेळी एक पिशवी घेऊन एसटीच्या लाल परीने कन्नडला जाईल आणि गाडीच्या भाड्याचा तिचा वाटा बाकीच्यांना भरावा लागेल.