गोल शिक्क्याचे अप्पा

लोणावळ्याच्या बाजारात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पाटीवर झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, ऑनलाइन फॉर्म असं बरंच काही लिहिलंय. पण निम्मा धंदा माणसं चांगली आहेत असं टाइप करून देण्याचा. 'सदर विद्यार्थी होतकरू, मनमिळाऊ व सुस्वभावी असून माझ्या चांगल्या परिचयाचा आहे' हे वाक्य मी डोळे मिटून टाइप करतो. सही करणाराही डोळे मिटूनच सही करतो. कुणाचंच काही बिघडत नाही.

या खात्यातलं माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे कुरवंड्याचे अप्पा. धो धो पावसात स्वतः निथळत येतील, पण काखेतली निळी फाईल कोरडी असणार, कारण तिला दुधाच्या पिशव्या जोडून शिवलेली खोळ आहे. आयएनएस शिवाजी हा नौदलाचा तळ १९४५ सालचा, आणि कुरवंड्याला जायचं तर त्याच्यावरूनच जावं लागतं. अप्पांनी तिथल्या स्टोअरमध्ये नोकरी केली. चिठ्ठीशिवाय खिळासुद्धा बाहेर पडत नाही हे त्यांनी उभी हयात पाहिलं, आणि निवृत्त झाल्यावर तोच नियम माणसांना लावला. पत्राशिवाय पोरानं गाव सोडायचं नाही.

पत्रांची त्यांची प्रतवारी ठरलेली. लांबट शिक्का म्हणजे दुकानदार, त्याला मान नाही. गोल शिक्का म्हणजे संस्था. गोल शिक्का, वर जांभळी शाई आणि हिरवी सही म्हणजे साहेब. आणि कागद उजेडात धरल्यावर आत वॉटरमार्क दिसला, तर अप्पा पत्र वाचायच्या आधी कपाळाला लावतात. मजकुराशी त्यांना कर्तव्य नाही. "मजकूर तू टाइप करतोस, त्यात काय वाचायचं?" हे वर मलाच. एकदा एका पुढाऱ्याचं पत्र त्यांनी दोन पोरांना वापरलं, फक्त नावाच्या जागी पट्टी चिकटवून झेरॉक्स काढली. दुसरं पोरगं मुलगी होती. 'सदर मुलगा' तसंच राहिलं. पुढाऱ्याचंही त्याकडे लक्ष गेलं नाही, आणि जिथं दिलं तिथंही नाही.

अप्पांना इतिहासाचाही आधार आहे. २ फेब्रुवारी १६६१ ला महाराजांनी उंबरखिंडीत मुघल सरदार करतलबखानाला कोंडलं. खान कुरवंड्याच्या घाटानंच खाली उतरला होता, म्हणजे प्रकरण आमच्या हद्दीतलं. त्याच्याच सैन्यातल्या रायबागननं त्याला शरण जायचा सल्ला दिला, त्यानं ऐकलं आणि जीव घेऊन परत गेला. अप्पा हे सगळं सांगून झालं की नागफणीच्या कड्याकडं बोट दाखवून म्हणतात, "वजनदार माणसाचा एक शब्द! न्हाईतर खान आजबी तिथंच असता." रायबागननं महाराजांना लेखी काही दिलं नव्हतं, हे मी एकदा बोललो. दोन दिवस ते दुकानात आले नाहीत.

अशा माणसाला 'नीट'नं फार दुखावलं. गावातल्या एका पोरीला मेडिकलला जाण्याएवढे मार्क पडले. कागद अपलोड करायला ती माझ्याकडं आली, मागोमाग अप्पा अकरा पत्रं घेऊन. मी एकेक रकाना भरत गेलो. दहावी, बारावी, नीटचं गुणपत्रक, वय-अधिवास, नॉन-क्रिमिलेयर, जात वैधता, तंदुरुस्तीचा दाखला. संपलं. अप्पा माझ्या खुर्चीमागं उभेच.

"पत्रं कुठं जोडायची?"

"रकाना नाही, अप्पा."

"खाली बघ. खाली आसंल."

खाली 'सबमिट' होतं.

"मग पोरगी कशीय हे त्यास्नी कळणार कसं?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. ७२० पैकी किती, एवढंच तिकडं कळतं. पुण्याच्या एएफएमसीत निदान समोर बसवून चार प्रश्न तरी विचारतात. बाकी सगळीकडं पोरगी म्हणजे रँक. तसं ते बरंच आहे म्हणा. पत्रांवर प्रवेश मिळू लागले असते तर अर्ध्या मावळाचे डॉक्टर माझ्याच दुकानात तयार झाले असते. अप्पांनी अकरा पत्रं खोळीत घातली. "हुशार लोकांचा कारभार हाय," एवढंच म्हणाले आणि चहाही न घेता गेले.

त्यानंतर यंदाच्या पावसाळ्यात अप्पांच्या पुतण्याची मुलगी न्यू जर्सीहून आली. तिलाही डॉक्टरच व्हायचंय. तिकडं आधी चार वर्षांचं कॉलेज आणि मग मेडिकलचा अर्ज. मार्क लागतात, परीक्षा असते, मुलाखत असते आणि शिफारसपत्रं लागतात. हा शेवटचा शब्द तिनं जेवताना सहज उच्चारला. अप्पांचा घास हातात राहिला, असं त्यांच्या घरच्या काकू सांगतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला, मी शटर वर करायच्या आत, नातीला घेऊन ते दारात हजर.

"किती पत्रं चालतात सांग ह्याला."

"दहापर्यंत पाठवता येतात, पण इतकी कुणी…"

"धा!" अप्पा तिला पुढं बोलूच देईनात. "आमदार, खासदार, सभापती, सरपंच, देवस्थानचे अध्यक्ष, चिक्कीवाले शेठ. शेठनं तर हिला बघितलंबी हाय, परवा पाव किलो घेतली तवा."

मुलगी समजूतदार. दोन विज्ञानाचे प्राध्यापक, एक दुसऱ्या विषयाचा, साधारण अशी मागणी असते आणि ती पत्रं तिकडं झाली आहेत, असं तिनं सांगितलं. आता आपलं काम जवळून पाहिलेल्या कुणाचं तरी एक हवंय. आमदारांनी तिला पाहिलेलं नाही.

"त्येनी कुणालाच बघितलेलं नसतंय! तरी देत्यात की न्हाई?"

"आणि अप्पाआजोबा, पत्र मी वाचायचं नाही. तिकडं १९७४ चा कायदा आहे, मागितलं तर बघता येतं. पण तो हक्क आम्ही आधीच लिहून सोडतो. मग वाचणाऱ्याचा पत्रावर विश्वास बसतो."

अप्पा स्टुलावर बसले. पत्र आपलं, आपल्यासाठी, आणि आपण वाचायचं नाही! "म्हंजी मसुदा आपून द्यायचा न्हाई? मग त्यो काय लिहील?"

"त्याला जे वाटेल ते."

हे ऐकून अप्पांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू अमेरिकेत मीच पाठवलंय तिला.

वातावरण हलकं करावं म्हणून मी आनंदीबाई जोश्यांची गोष्ट काढली. त्यांच्या शिक्षणासाठी पत्र गेलं १८७८ मध्ये, नवऱ्यानं, म्हणजे गोपाळरावांनी लिहिलेलं. ज्या मिशनऱ्याला लिहिलं त्याच्याकडून मदत मिळालीच नाही. त्यानं पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापून टाकला. ते मासिक न्यू जर्सीतल्या रोझेलच्या कार्पेंटरबाईंनी दाताच्या डॉक्टरकडं नंबर लागेपर्यंत चाळलं, आणि पुढं आनंदीबाई त्यांच्याच घरी जाऊन उतरल्या. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. मला वाटलं होतं, अप्पांना यातून काही समजेल. त्यांना भलतंच समजलं.

"गोपाळराव कुठं नोकरीला?"

"पोस्टात."

"मंग! पत्राची किंमत त्यालाच कळणार. आन् नवऱ्याचं चालतंय तर आजोबाचं का न्हाई?"

शेवटी मुलीनं नाव सांगितलं ते गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंचं. तीन आठवडे ती त्यांच्यामागं घरोघर हिंडली होती. पिंपातल्या अळ्या बघ, तापाचे पेशंट लिही, गोळ्या पोचव, चिखलात चप्पल शोध. ही आशाताई म्हणजे अप्पांच्या समोरच्या घरातली सून. तिच्या पत्रावर अमेरिकेत डॉक्टर व्हायचं? "तिचं लेटरहेड कुठाय?" अप्पांनी हुकमाचं पान टाकलं.

"हो, लेटरहेड असलेलं चांगलं," मुलगी म्हणाली. "आणि सही."

अप्पा ताडकन उठले. "बघ! अमेरिकाबी आपल्याच वळणावर हाय!" त्या क्षणापासून ते कामाला लागले. आशाताईंना लेटरहेड नाही तर मी करून द्यायचं, वर नागफणीचं चित्र, उजवीकडं शंभू महादेव. मी नाव, काम, गाव आणि फोन एवढंच ठेवलं. नागफणी छापली तर तिकडचा माणूस टेकडी कुठली म्हणून विचारत बसेल, असं सांगून सुटलो.

आशाताई आल्या त्या दिवशी पाऊस पिसाटला होता. पत्र गुप्त म्हणून मुलीला अप्पांनी शेजारच्या वडापावच्या गाडीच्या छताखाली उभं केलं आणि स्वतः माझ्या दारात पहाऱ्यावर राहिले, अर्धे आत, अर्धे बाहेर. आशाताई सांगत गेल्या, मी टाइप करत गेलो. पहिल्या दिवशी ही नुसती वहीत लिहीत होती, माणसाच्या तोंडाकडं बघत नव्हती. मी तसं बोलले तर रागावली नाही, वही पिशवीत टाकली. वरच्या आळीतल्या आजींजवळ तांदूळ निवडत बसली तेव्हा तिला कळलं की आजी बीपीच्या गोळ्या खातच नाहीत, डब्यात साठवतात. आजारी पडल्यावर एकदम घेईन म्हणून. मी चार महिने त्यांच्या नावापुढं बरोबरची खूण करत होते. मला कळलं नव्हतं.

"अगं बाई, सोताची चूक कशाला लिवतीस?" अप्पा दारातून ओरडले. "आन् सुस्वभावी कुठंय? होतकरू?"

"ते तुम्ही लिहा तुमच्या पत्रात," आशाताई म्हणाल्या आणि माझ्याकडं वळल्या. "कळलं नव्हतं, एवढंच ठेवा."

मी हात थांबवला नाही, पण वाक्य डोळे उघडे ठेवून टाइप केलं. शाळेतल्या एका मॅडमनी संध्याकाळी इंग्रजी करून दिलं. आशाताईंच्या मेलवर आलेल्या लिंकवर सही केलेला कागद स्कॅन करून चढवला. गाडीपाशी उभ्या मुलीचे तोवर तीन वडापाव झाले होते.

सगळे गेल्यावर अप्पा मागं रेंगाळले. फाईल काढली, एक कोरी प्लॅस्टिकची पिशवी उघडून धरली.

"एक झेरॉक्स दे. रेकॉर्डला."

"गुप्त आहे, अप्पा. तुम्हीच पहारा दिलात."

त्यांनी विचार केला. मग म्हणाले, "पाकिटात घाल, डिंक लाव आन् दे. मी कुठं वाचतोय?"

मी घातलं, डिंक लावला. अप्पांनी ते बंद पाकीट उजेडात धरलं, काही दिसेना, तरी कपाळाला लावलं आणि आमदारांच्या वर ठेवलं.