उजवीकडे वळताना

जुन्या मोटारीचे बहुतेक आजार खासगी असतात. कार्ब्युरेटर वाहायला लागला, ब्रेक ऑइल गळलं, डायनॅमोनं चार्जिंग सोडलं, तरी ते मालक, मेकॅनिक आणि मालकाचं बँकखातं यांच्यातच राहतं. हॉर्नचं तसं नाही. हॉर्न बिघडला की निदान शेजारी करतात आणि मालकाला ते सोसायटीच्या फळ्यावर वाचायला मिळतं.

आमच्याकडे 1968ची फियाट 1100 आहे. जन्म कुर्ल्याच्या कारखान्यातला, इंजिन 1089 सीसीचं, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या मानेला. वडिलांनी ती माझ्या नावावर केली. ताबा अजून त्यांच्याकडेच आहे. 2021 साली केंद्र सरकारनं पन्नाशी ओलांडलेल्या, मूळ रूपातल्या गाड्यांना ‘विंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी देणारे नियम काढले. ती बातमी मी घरात मोठ्यानं वाचून दाखवली तेव्हा बायको म्हणाली, “पन्नाशी ओलांडलेल्या नवऱ्यांसाठी काही आहे का त्यात?”

तर, पावसाळा सरता सरता या गाडीचा हॉर्न उजवीकडे वळताना आपोआप वाजू लागला. डावीकडे वळताना मात्र चकार शब्द नाही. यात गाडी बनवणाऱ्यांना बोल लावण्यात अर्थ नव्हता. इतक्या पावसाळ्यांची हमी कुणी देत नाही. अडचण एवढीच की आमच्या फाटकातून बाहेर पडलं की उजवीकडेच वळावं लागतं. रोज सकाळी सात वाजता इमारतीला माझं प्रस्थान कळायचं. सेक्रेटरी म्हणाले, “एवढी घाई असेल तर जरा लवकर निघत चला.”

मग मी डावीकडच्या वळणांचा अभ्यास केला. पुण्यात एकेरी रस्ते इतके, की नुसती डावी वळणं घेत कुठंही पोचता येतं. फक्त जिथं जायचं होतं तिथंच पोचू असं नाही. मंडईत निघालेले आम्ही लक्ष्मी रस्त्यावरून थेट अलका चौकात गेलो आणि भाजीऐवजी सिनेमाचं पोस्टर पाहून परतलो.

पण नाइलाजानं उजवीकडे वळलो की एक चमत्कार व्हायचा: लोक बाजूला व्हायचे. मुद्दाम वाजवलेल्या हॉर्नला पुण्यात कुणी भीक घालत नाही, कारण तो वाजवणाऱ्याचा स्वभाव समजला जातो. वळण सुरू झाल्यापासून संपेपर्यंत अखंड वाजणारा हॉर्न ऐकला की मात्र ब्रेक गेले असं वाटून रिक्षासुद्धा वाट देते. रिक्षानं वाट दिल्याचं पाहून बायको म्हणाली, “अहो, राहू द्या ना असाच.”

सेक्रेटरींचं मत वेगळं पडलं. वडिलांनी तोडगा काढला, “वायर काढून टाक. आमच्या वेळी कुठं लोक हॉर्न वाजवत होते?” वायर काढली. पहिल्याच चौकात गाडीसमोरून आडव्या गेलेल्या स्कूटरवरच्या बाई थांबून म्हणाल्या, “हॉर्न द्यायला काय होतं?” त्यांचंही बरोबर होतं. नियमानुसार मोटारीला चालू हॉर्न हवाच. शिवाय 2015 साली महाराष्ट्रानं ट्रकांच्या पाठीवरचं ‘हॉर्न ओके प्लीज’ बंद केलं असलं, तरी ते वाचून वाढलेली जनता अजून रस्त्यावर आहे.

शेवटी जुन्या गाड्यांच्या वायरिंगमध्ये केस पांढरे केलेल्या चाचांकडे गेलो. चाचांनी हातात टेस्ट लॅम्प घेतला आणि माझं शिक्षण सुरू केलं. “साहेब, बटण दाबलं की हॉर्नला करंट जातो असं वाटतं ना तुम्हाला? करंट त्याच्या दारात आधीच उभा असतो. बटण फक्त अर्थिंग देतं.” ही अर्थिंगची वायर स्टिअरिंगच्या नळीतून खाली येते. चाक फिरतं, पण वायरीला पीळ पडून चालत नाही, म्हणून पितळी कडं आणि त्यावर घासणारा कॉन्टॅक्ट अशी योजना असते. आमच्या कड्याखालचं इन्सुलेशन झिजलं होतं. चाक उजवीकडे फिरलं की कडं नळीला टेकायचं, आणि हॉर्नला बटणाची गरजच उरायची नाही.

चाचांनी कडं उतरवलं, खाली फायबरची नवी चकती बसवली, कॉन्टॅक्ट काचपेपरनं घासला. वाटलं, सुटलो. पण बटण दाबल्यावर हॉर्ननं घसा बसलेल्या बोकडासारखा आवाज काढला. “लई वाजवलाय तुम्ही,” चाचा म्हणाले. आत कॉइल पडद्याला ओढते, ओढताच पॉइंट उघडतात, करंट तुटतो, पडदा मागे येतो, पॉइंट पुन्हा मिटतात. हे सेकंदाला शेकडो वेळा. प्रत्येक वेळी बारीक ठिणगी. माझ्या उजव्या वळणांनी ते पॉइंट जाळले होते.

मोटारीच्या हॉर्नचा इतिहासही असाच कानांवर उठलेला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत क्लॅक्सन नावाचा विजेवरचा भोंगा काढणारे मिलर रीस हचिसन यांनी त्याआधी बहिऱ्यांसाठी श्रवणयंत्र बनवलं होतं. आधी कान बसवायचे आणि मग यंत्र विकायचं असा त्यांचा बेत असावा, हा विनोद मार्क ट्वेनच्या नावावर सांगितला जातो. आमच्या सेक्रेटरींना मी हा विनोद सांगितला. ते हसले नाहीत. ऐकू आला नसावा.

पॉइंट घासून झाल्यावर हॉर्नच्या पाठीवरचा स्क्रू फिरवून सूर लावायचा होता. स्क्रू पाव आट्यानं फिरला तरी आवाज बदलतो. या कामाला वडील जातीनं हजर राहिले. “याचा आवाज खालच्या पट्टीतला होता. मी कोपऱ्यावर एकदा वाजवायचो आणि तुझी आई चहा टाकायची.” चाचांनी स्क्रू पिळला. “एवढा खाली नव्हता.” पुन्हा पिळला. 2021 साली नाशिकला नितीन गडकरींनी गाड्यांच्या हॉर्नमध्ये बासरी, तबला, हार्मोनियम असे सूर आणण्याचा विचार बोलून दाखवला होता. तो अमलात आला तर गॅरेजात तानपुरा आणि वडील, दोन्ही लागतील. अखेर आईला फोनवर आवाज ऐकवला. ती म्हणाली, “मी हॉर्नवर कधी चहा टाकला? टॅपेटची खडखड आली की टाकायचे. हॉर्न तेव्हाही वाजत नव्हता.”

वडिलांनी चाचांना पैसे देऊन टाकायला सांगितलं.

आता हॉर्न रस्त्यावर तपासायचा राहिला. चौकात दाबला, तर सगळ्यांच्या हॉर्नमध्ये आपला कोणता ते समजेना. त्यासाठी शांतता हवी, आणि शांतता सरकारनं रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवतीच्या 100 मीटरांत राखून ठेवली आहे. तिथं वाजवला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194-एफप्रमाणे पहिल्या वेळी 1,000 रुपये दंड, पुढे 2,000. तरी विंटेज गाडीवर एवढा खर्च मामुली म्हणून मी रुग्णालयासमोरच्या ‘शांतता क्षेत्र’ पाटीखाली थांबून, हजाराची तयारी ठेवून, हॉर्न दाबला.

तिथंही ऐकू आला नाही. हजार रुपये वाचले.