नागाव ते रेवदंडा, विनाकारण

समुद्रकिनाऱ्यावर पहाटे चालतो तो मधुमेहवाला, संध्याकाळी चालतो तो पर्यटक आणि सकाळी दहा वाजता पाठीला पिशवी लावून चालतो त्याची एसटी चुकलेली असते. नागावहून वाळूतून रेवदंड्याला निघालेले मी आणि सदूभाऊ यांतल्या कुठल्याच खान्यात बसत नव्हतो.

"रेवदंडा? वर रस्त्यावर जा, विक्रम मिळेल," घोडागाडीवाला म्हणाला.

"चालतच जायचंय."

"नवस आहे का?"

"नाही हो, सहज." त्याने आमच्याकडे असं पाहिलं, की घोडाही दोन पावलं बाजूला सरला.

ओहोटीची ओली वाळू पायाला घट्ट लागते. उजवीकडे समुद्र, डावीकडे सुरूची झाडं, त्यांमागे नारळी-पोफळीच्या वाड्या. सदूभाऊ वरचेवर 'दृश्य बघायला' थांबत आणि दृश्य नेमकं सावलीतूनच दिसे.

वाटेत चौल लागलं. या बंदरात शतकानुशतकं परदेशी आले, पण प्रत्येकाला काही काम होतं. पंधराव्या शतकात रशियातल्या त्वेरचा व्यापारी अफनासी निकितिन इथे उतरला तो विकायला घोडा घेऊन. गोरा माणूस बघायला लोक मागे लागत, हे त्यानेच लिहून ठेवलंय. पुढे जुन्नरच्या खानाने घोडा काढून घेतला आणि तो मोठ्या मिनतवारीने परत मिळाला. पोर्तुगीज व्यापाराला आले, कोट बांधून बसले आणि 1740 मध्ये मराठ्यांच्या हाती ठाणं देऊन गेले. घोडा, तोफा, पाद्री, सगळं या किनाऱ्याने समजून घेतलं. रिकाम्या हाताने आलेल्याचं काय करायचं, एवढंच त्याला अजून उमगलेलं नाही.

रेवदंड्याचा अर्धा गाव अजून कोटाच्या आतच नांदतो. शाळेच्या आवारात निकितिनचं स्मारक आहे. सातखणी मनोऱ्याचे खण मोजताना सदूभाऊंची मान आणि आकडा दोन्ही अवघडले.

बाजारात सुकी मासळी घेऊन बसलेल्या मावशींनी विचारलं, "कुठून आलाव?"

"नागावहून. चालत."

"कशाला?"

चौकशी पुन्हा नवसावर जाणार, हे ओळखून सदूभाऊ घाईने म्हणाले, "अर्धा किलो सोडे द्या."

"सोड्यांसाठी आलाव होय!" मावशींचा चेहरा उजळला. शेजारच्या दोन टोपल्यांनाही त्यांनी ती बातमी कळवली. आमच्या चालण्याला एकदाचं कारण मिळालं.

मग त्यांनी भाव सांगितला. सोड्यांसाठी नागावहून पायी आलेलं गिऱ्हाईक घासाघीस करत नाही, हा त्यांचा हिशेब पक्का होता.